मुका झालेला प्लेअर, शाबूत गाणी

न्यूझीलंडमधल्या टौरंगाच्या समुद्रकाठचा माउआओ डोंगर जेमतेम २३२ मीटर उंच. तो चढताना खिशातल्या जुन्या आयपॉडला पावलागणिक हादरे बसतात, पण कानातलं नाट्यगीत एकदाही अडखळत नाही. खरं तर अडखळायला हवं! या डबीतली गाणी असतात एका इवल्याशा हार्ड डिस्कवर. तिची चकती मिनिटाला हजारो फेरे घेते आणि वाचणारं टोक तिच्यावर केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगतं.

मग हादरे जातात कुठे? २००१ साली आलेल्या पहिल्या आयपॉडमध्ये ५ जीबीच्या डिस्कसोबत ३२ एमबीची एक चिप होती. डिस्क थोडा वेळ जागी होते, पुढच्या बऱ्याच मिनिटांची गाणी चिपमध्ये भरून ठेवते आणि थांबते. आपण ऐकतो ते चिपमधलं. कान लावला, तर मधूनच बारीक घरघर येते आणि लगेच शांत होते. तेवढाच वेळ चकती फिरत असते. त्यामुळे बॅटरीही वाचते. मला ही युक्ती आजही थक्क करते.

हे एकदा कळलं की बिघाडाची भीती ओसरते. पडदा गोठला, बटणं दाद देईनात, तरी बहुतेक वेळा गाणी जशीच्या तशी असतात. अडकलेला असतो तो आतला छोटा संगणक. आयपॉड क्लासिकवर मेन्यू आणि मधलं बटण सहा-आठ सेकंद एकत्र दाबून धरा. तो नव्यानं सुरू होतो आणि डिस्कवरचं काही पुसलं जात नाही. एकाच कानात आवाज येत असेल, तर आधी दुसरा हेडफोन लावून बघा, मग हेडफोनच्या भोकात खिशातला कचरा साचलाय का ते पाहा. डिस्क टकटक करू लागली, तर मात्र गाणी लगेच दुसरीकडे उतरवा. हौशी मंडळी अशा डिस्कच्या जागी मेमरी कार्ड बसवून वीस वर्षांचं यंत्र पुन्हा गातं करतात. प्लेअरची पाठ फुगलेली दिसली, तर ती आतली फुगलेली बॅटरी. चार्ज करू नका, टोचू नका, घरच्या कचऱ्यात तर मुळीच टाकू नका.

सगळ्यात विलक्षण बिघाड झाला तो ३१ डिसेंबर २००८ रोजी. मायक्रोसॉफ्टच्या ३० जीबी झून प्लेअरांनी त्या दिवशी एकाएकी मान टाकली. २००८ लीप वर्ष होतं, आणि आतलं घड्याळ दिवसांवरून साल काढताना ३६६ व्या दिवसापाशी अडकलं. दिवस ३६५ हून जास्त आहेत म्हणून हिशेब थांबेना, आणि ३६६ हून जास्त नाहीत म्हणून पुढे सरकेना! उपाय काय, तर बॅटरी पूर्ण संपू द्या आणि १ जानेवारी उलगडला की पुन्हा चार्ज करा. तारीख बदलली की आजार बरा. एका दिवसाचा हिशेब चुकला आणि यंत्रं मुकी झाली, गाण्यांना मात्र धक्काही लागला नव्हता.

गाणी शाबूत राहतात, तशा बाकीच्या फायलीही राहतात. जानेवारी २००९ मध्ये न्यूझीलंडच्या व्हांगारे शहरातल्या एका माणसाची बातमी गाजली. त्यानं अमेरिकेत ओक्लाहोमातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून एक एमपीथ्री प्लेअर घेतला होता. घरी संगणकाला जोडला, तर त्यात गाण्यांऐवजी अमेरिकी सैनिकांची वैयक्तिक माहिती असलेल्या सुमारे ६० फायली!

अशी फाईल नुसती डिलीट केली, तर बहुतेक वेळा यादीतली तिची नोंद तेवढी जाते. मजकूर तिथेच पडून राहतो, त्याच्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. म्हणून जुना प्लेअर कुणाला देण्यापूर्वी त्यातली गाणी आधी नीट उतरवून घ्या, मग तो फॉरमॅट करा, आणि एकदा काठोकाठ दुसऱ्याच गाण्यांनी भरून मगच द्या.