एकच बातमी, दोघांवरही अन्याय!

समजा, पुसद आणि उमरखेडच्या संघांत फुटबॉलचा सामना झाला. अगदी अटीतटीचा. शेवटच्या मिनिटांत पंचांनी पेनल्टी दिली, पुसदने गोल केला आणि खेळ संपला. दुसऱ्या दिवशी पेपरात तीन कॉलमी बातमी आली : 'पेनल्टीवर पुसदचा निसटता विजय'. आता हा पेपर चहाच्या टपरीवर फिरू द्या. उमरखेडचा पोरगा म्हणेल, "पेनल्टी खोटी होती, हे कुठंच लिवलं नाही. पेपरवाले तिकडचेच हायेत." पुसदचा म्हणेल, "निसटता? पूर्ण सामनाभर दाबून ठेवलं आम्ही त्याईले, अन् हे लिवते निसटता!"

बातमी एक, शब्द तेच. तरी ती आपल्याविरुद्धच लिहिली आहे, अशी दोघांचीही खात्री! हा सामना मी रचलेला आहे. पण त्यातला चमत्कार खरा आहे. मानसशास्त्रज्ञांनी तो प्रयोगशाळेत पकडला आहे, मोजला आहे आणि त्याला नावही दिलं आहे : 'हॉस्टाइल मीडिया इफेक्ट'. म्हणजे, माध्यमं आपल्याच विरोधात आहेत असं दोन्ही पक्षांना एकाच वेळी वाटणं.

यवतमाळकरांना पेपर बारकाईने वाचायची सवय जुनीच. वणीच्या बापूजी अणे यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी 'लोकमत' हे साप्ताहिक इथूनच सुरू केलं. पुढे जवाहरलाल दर्डांनी १९७१ साली त्याच नावाचं दैनिक नागपुरातून काढलं. पण फुटबॉलचा समर्थक आणि क्रीडापान यांचं नातं जवळून बघायचं, तर कोल्हापूर गाठावं लागतं. तिथे फुटबॉल तालमींचा आणि पेठांचा आहे. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ... शाहू स्टेडियमवर हे संघ भिडतात तेव्हा मैदानात अकरा-अकरा जण खेळतात आणि गॅलरीत अख्खी पेठ. अशा गावात सकाळचा पेपर म्हणजे सामन्याचा तिसरा हाफच. कोणाचा फोटो मोठा? मथळ्यात कोणाचं नाव आधी? आमच्या पोराची धडक 'धसमुसळी' आणि त्यांच्या पोराची 'आक्रमक' कशी काय?

या प्रश्नांमागे मनात नेमकं काय चालतं? त्यासाठी आधी अमेरिकेत जाऊ. १९५१ चा नोव्हेंबर, शनिवारची दुपार. प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांचा सामना होता. खेळ अमेरिकी फुटबॉल, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावायचं आणि धडका द्यायच्या. प्रिन्स्टनचा डिक काझमायर हा त्या वर्षीचा देशातला सर्वांत गाजलेला खेळाडू. त्याच आठवड्यात 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्याचा चेहरा झळकला होता. दुसऱ्या क्वार्टरमध्ये त्याचं नाक मोडलं आणि तो मैदानाबाहेर गेला. पुढच्या क्वार्टरमध्ये डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. सामना प्रिन्स्टनने १३-० असा जिंकला, पण भांडण तिथून खरं सुरू झालं. प्रिन्स्टनच्या विद्यार्थी दैनिकाने डार्टमथच्या नावाने आगपाखड केली. डार्टमथच्या दैनिकाला त्यात निव्वळ कांगावा दिसला.

मग दोन मानसशास्त्रज्ञांनी झकास काम केलं. डार्टमथचे आल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि प्रिन्स्टनचे हॅडली कॅन्ट्रिल, म्हणजे एक इकडचा आणि एक तिकडचा! दोघांनी मिळून सामन्याची एकच फिल्म दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवली आणि सांगितलं, नियमभंग दिसला की नोंद करा. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना आपल्या संघाचे सरासरी ४.३ नियमभंग दिसले. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना त्याच डार्टमथ संघाचे किती दिसले? ९.८! दुपटीहून अधिक. पडद्यावर मैदान तेच, खेळाडू तेच, प्रत्येक धडक तीच. कोणी खोटं बोलत नव्हतं, कोणाला भांडण जिंकायचं नव्हतं. फक्त मोजायचं होतं, आणि मोजतानाच आकडे दुभंगले.

याहून भारी किस्सा त्यांच्याच शोधनिबंधात आहे. डार्टमथच्या एका माजी विद्यार्थ्याने दूरच्या शहरातल्या आपल्या मंडळींना दाखवायला ही फिल्म मागवली. सगळीकडून डार्टमथच्या दांडगाईबद्दल ऐकलं होतं, तर बघू या तरी. त्याने आधी एकट्याने फिल्म पाहिली आणि तो बुचकळ्यात पडला. त्याने तारच ठोकली : फिल्ममधला महत्त्वाचा भाग कापलेला दिसतो, खुलासा करा आणि राहिलेला तुकडा विमानाने पाठवा. फिल्म तर पूर्ण होती! जी दांडगाई प्रिन्स्टनला धडधडीत दिसत होती, ती या माणसाला दिसलीच नाही.

इथवर झाली खेळाची गोष्ट. पण बातमीचं काय? ते कोडं १९८५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात रॉबर्ट व्हॅलोन, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी सोडवायला घेतलं. विषय त्यांनी फुटबॉलहून फार जड निवडला : १९८२ साली बैरुतमधल्या निर्वासित छावण्यांत झालेलं हत्याकांड. अमेरिकी वाहिन्यांच्या त्याच बातम्या त्यांनी इस्राएलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. पहिल्या गटाला त्या इस्राएलविरोधी वाटल्या, दुसऱ्याला इस्राएलधार्जिण्या. आणखी गंमत म्हणजे, त्रयस्थ माणूस हे बघून आपल्याविरुद्ध जाईल, अशी धास्ती दोन्ही गटांना होती.  आपण पक्के, पण बाकीचं जग भोळं!

आता सांगा, असा पक्षपात सर्वांत जास्त कोणाला दिसला असेल? ज्यांना विषयाची फारशी माहिती नाही, त्यांना? उलट, ज्यांना विषयाची अधिक माहिती होती, त्यांनाच तो अधिक दिसला! फुटबॉलवर लावून बघा, लगेच पटेल. कोल्हापूरच्या सामन्याची चार ओळींची बातमी यवतमाळात बसून वाचली, तर त्यात खटकण्यासारखं काय सापडणार? पण संघाचा दहा वर्षांचा इतिहास ज्याला तोंडपाठ आहे, त्याला त्याच चार ओळींत न आलेल्या चाळीस गोष्टी दिसतात. बचावपटूने गोलरेषेवरून काढलेला चेंडू, नाकारलेला ऑफसाइड गोल, दुखापत अंगावर घेऊन खेळलेला पोरगा. जितकं जास्त ठाऊक, तितकं गाळलेलं जास्त डोळ्यांवर येतं. आणि गाळलेल्या प्रत्येक गोष्टीमागे हेतू दिसू लागतो.

हे नेमकं घडतं कसं? आपल्याला फक्त वाईट तेवढंच लक्षात राहतं का? संशोधकांनी हेही तपासलं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असं दिसलं की खरी मेख आठवणीत नाही, वर्गवारीत आहे. हिवाळ्यात कापूस खरेदी केंद्राच्या आवारात अशी वर्गवारी रोज दिसते. शेतकरी मूठभर कापूस उचलतो, चिमटीत धागा ओढून लांबी दाखवतो, पांढरेपणा दाखवतो. ग्रेडर तोच कापूस दाबून ओलावा बघतो आणि पिवळी कवडी हुडकतो. मूठ तीच, प्रतवारी वेगळी. बातमीतल्या बहुतेक ओळी अशाच मधल्या असतात. 'निसटता विजय' हे कौतुक की टोमणा? ती ओळ दोघांच्याही लक्षात राहते. फक्त दोघेही ती 'विरुद्ध' या ढिगात टाकतात.

आता या प्रतवारीची आणखी एक करामत बघा. यवतमाळात २००२ नंतर बीटी कपाशीने शेतं व्यापली, त्यामुळे जनुक बदललेल्या पिकांवरचा वाद आपल्याला नवा नाही. अमेरिकेत अल्बर्ट गुंथर आणि कॅथलीन श्मिट यांनी याच वादावरचा एक मजकूर घेतला. काहींना तो दिला वर्तमानपत्रातला लेख म्हणून, आणि काहींना तोच मजकूर दिला एका विद्यार्थ्याचा निबंध म्हणून. पेपरातला लेख म्हणून वाचणाऱ्या समर्थकांना आणि विरोधकांना तो आपल्याविरुद्ध झुकलेला वाटला. निबंध म्हणून वाचला, तर ती विरोधाची जाणीव नाहीशी झाली! अक्षर न् अक्षर सारखं असताना हे कसं? कारण निबंध मास्तर वाचणार, पेपर मात्र हजारो लोक वाचणार. जितक्या लोकांपर्यंत जाणार, तितका धोका मोठा. म्हणून शेजारच्या पेठेतला मित्र संघाला शिव्या घालतो तेव्हा आपण हसून सोडून देतो, आणि क्रीडापानावरच्या एका विशेषणाने मात्र दिवस खराब होतो.

मग समर्थकांची तक्रार म्हणजे सगळा मनाचाच खेळ का? अजिबात नाही. खरा पक्षपात असतो आणि तो भयंकर असू शकतो. १५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा सामना होता. लिव्हरपूलच्या समर्थकांनी भरलेल्या जाळीबंद कप्प्यांत चेंगराचेंगरी झाली. त्या दुर्घटनेतल्या मृतांचा आकडा पुढे ९७ वर गेला. चौथ्या दिवशी 'द सन'ने 'द ट्रुथ' म्हणजे 'सत्य' असा मथळा पहिल्या पानावर देऊन छापलं की समर्थकांनी मृतांचे खिसे कापले आणि पोलिसांवर लघवी केली. लिव्हरपूल शहराने तो पेपर घेणंच सोडलं. आजही तिथल्या कित्येक दुकानांत तो मिळत नाही.

शहराला राग आला, एवढ्याने काही सिद्ध होत नव्हतं. राग तर पुसदलाही येतो आणि उमरखेडलाही. मृतांच्या कुटुंबांनी रागाच्या पुढे जाऊन कागद मागितले. २०१२ साली स्वतंत्र समितीने लाखो पानं तपासली, तेव्हा उघड झालं की पोलिसांचे १६४ जबाब बदलले होते आणि त्यातल्या ११६ जबाबांमधून पोलिसांवरची टीकाच काढून टाकली होती. 'द सन'ने पहिल्या पानावर माफी मागितली. २०१६ साली ज्युरीने निकाल दिला : हे मृत्यू बेकायदा होते आणि समर्थकांचा काहीही दोष नव्हता. त्याला २७ वर्षं लागली. विलक्षण गोष्ट ही की आपल्या माणसांवरच्या ज्या प्रेमामुळे डोळे एका बाजूला झुकतात, त्याच प्रेमाने या आईबापांना २७ वर्षं पुराव्यामागे धावायचं बळ दिलं.

हिल्सबरोची बातमी धडधडीत खोटी होती. पण पक्षपात बारीक असेल, कोणाच्या ध्यानीमनी नसेल, तर तो पकडायचा कसा? याची एक सुंदर युक्ती २००२ च्या एका इंग्रजी प्रयोगात सापडते. ४० प्रशिक्षित पंचांना एकाच सामन्यातल्या ४७ धडकांची चित्रफीत दाखवली. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासकट, काहींना पूर्ण शांततेत. बाकी काही बदललं नाही. आवाज ऐकणाऱ्या पंचांनी घरच्या संघाविरुद्ध सुमारे साडेपंधरा टक्के कमी फाऊल दिले! त्यांनी काही ठरवून केलं नव्हतं. गॅलरीतल्या आरडाओरड्याने त्यांचा हात नकळत आवरला. बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं आणि एकच गोष्ट बदलायची. एवढ्यावर दडलेला कल उघडा पडला.

ही युक्ती तुम्ही पेन्सिल घेऊन घरी करू शकता. खटकलेली बातमी समोर ठेवा आणि दोन्ही संघांची नावं आपसात बदला. विशेषणं, फोटो, मथळा तसाच राहू द्या. आता पुन्हा वाचा. नावं बदलल्यावर तीच ओळ बरोबर वाटू लागली, तर झुकाव तुमच्या डोळ्यांत आहे. तरीही ती खटकली, तर महिनाभराची कात्रणं जमवा आणि मोजा : मथळ्यात कोण किती वेळा, फोटो कोणाचे, 'धसमुसळी' कोणासाठी आणि 'आक्रमक' कोणासाठी. मग तो हिशेब घेऊन संपादकांकडे जा. वीस कात्रणांवरच्या आकड्यांना 'तुम्ही तिकडचेच' या वाक्याहून कितीतरी जास्त वजन असतं.

आणि ही परीक्षा पहिल्यांदा घ्या ती आपला संघ जिंकल्याच्या दिवशी. आपल्या पोरांचं तोंडभर कौतुक असलेली, समोरच्याला दोन ओळींत गुंडाळणारी बातमी वाचून आजवर कोणी संपादकाकडे तक्रार घेऊन गेलं आहे का? ती बातमी आपल्याला चक्क निःपक्षपाती वाटते! नावं बदलून तीच बातमी एकदा वाचा. पलीकडच्या पेठेला रोज सकाळी काय वाटत असेल, ते पाच मिनिटांत कळेल.