चोर, घरधनी आणि कायद्याची हद्द

हिवाळा सुरू झाला की नंदुरबार शहराच्या आसपासच्या मोकळ्या जागांवर ओल्या लाल मिरचीच्या पथाऱ्या पडतात, आणि व्यापाऱ्याचा लाखो रुपयांचा माल एखाददुसऱ्या राखणदाराच्या भरवशावर उघड्या आभाळाखाली वाळत राहतो. तेथून उत्तरेस तापी ओलांडून सातपुड्याच्या रांगांत धडगाव-अक्कलकुव्याकडे गेले, तर एकेका टेकडीवर एकेक घर असे विखुरलेले पाडे लागतात. घराला बांबूचा, शेणमातीने लिंपलेला कुड असतो, आणि त्या एकाच छपराखाली एका अंगाला माणसे व दुसऱ्या अंगाला गुरे-शेळ्या रात्र काढतात. आता मध्यरात्री पथारीवरून पोतेभर मिरची उचलणारा इसम आणि कुडाच्या कांबी उपसून शेळी ओढण्यासाठी आत हात घालणारा इसम, या दोघांत अधिक गंभीर गुन्हेगार कोणता असे विचारले, तर व्यवहारचतुर मनुष्य आधी मालाची किंमत विचारील. फौजदारी कायदा ती विचारीत नाही. शेळी नेण्यास आलेल्याचा प्रतिकार करताना घरधन्याच्या हातून त्याचा प्राण गेला, तर तो घरधनी निर्दोष ठरण्याचा संभव असतो. मिरचीच्या पोत्यासाठी कोणी तेच केले, तर त्याच्यावर मनुष्यवधाचा खटला उभा राहतो, आणि त्यातून सुटण्याची वाट फार अरुंद असते.

या भेदाचे मूळ मेकॉलेपर्यंत जाते. त्याच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८३७ साली सिद्ध केलेला मसुदा पुढे १८६० मध्ये भारतीय दंड संहिता म्हणून मंजूर झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून अंमलात आला. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली असली, तरी स्वसंरक्षणाची पूर्वीची ९६ ते १०६ ही कलमे आता ३४ ते ४४ या क्रमांकांखाली जवळजवळ जशीच्या तशी नांदत आहेत. या देशातील रयत दरोडेखोरांचे जुलूम निमूटपणे सोसते, तेव्हा तिच्या प्रतिकाराच्या हक्कावर निर्बंध वाढविण्यापेक्षा तिच्या ठायी पौरुष जागविणे अगत्याचे आहे, असा त्या मसुद्यावरील टिपणांचा आशय होता. कलकत्त्यात बसून लिहिणाऱ्या या विद्वानाने त्या वेळी खानदेशाकडे दृष्टी टाकली असती, तर त्याची लेखणी थोडी अडखळली असती. कारण १८१८ मध्ये हा मुलूख हाती आल्यापासून येथल्या भिल्लांच्या बंडाळीने कंपनी सरकारला इतके जेरीस आणले होते, की अखेर १८२५ मध्ये औट्रम या आपल्या अधिकाऱ्याकरवी त्यांचीच पलटण उभारून त्यांच्या हाती बंदोबस्त सोपविण्याची तोड काढावी लागली.

मालमत्तेच्या रक्षणार्थ प्राण घेण्यापर्यंत हक्क पोचतो असे प्रसंग संहितेच्या ४१ व्या कलमात मोजकेच दिले आहेत: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, माणसे राहतात अथवा माल साठवितात अशा इमारतीला आग लावणे किंवा स्फोटकाने तिची नासधूस करणे, आणि ज्या परिस्थितीत प्रतिकार न केल्यास मृत्यू किंवा जबर दुखापत ओढवेल अशी वाजवी भीती वाटते, अशा परिस्थितीतील चोरी, नासधूस वा गृह-अतिक्रमण. घरफोडी म्हणजे कुलूप तोडणे एवढाच अर्थ नाही. चोराने स्वतः पाडलेल्या वाटेने, भिंत चढून, किंवा माणसाने ये-जा करण्यासाठी नसलेल्या मार्गाने आत येणे हीदेखील घरफोडीच होय, आणि शरीराचा कोणताही अवयव आत आला तरी प्रवेश पूर्ण समजला जातो; म्हणून उपसलेल्या कुडातून आलेला तो एक हातदेखील, कायद्याच्या नजरेत, बंगल्याचे पोलादी दार फोडून आलेल्या टोळीच्याच पंक्तीला बसतो. पथारी मात्र इमारत नव्हे. तीच मिरची गोदामात भरून दाराला कडी घातली की संरक्षणाचे स्वरूप पालटते. आणि पथारीच्या कडेला राखणदाराने आपले बिऱ्हाड थाटलेला तंबू असला, तर त्या तंबूच्या आत तो घरधनी ठरतो, तंबूबाहेर केवळ मालाचा रखवालदार. भर दुपारी, सारे घर शेतावर गेलेले असताना झालेली घरफोडी, वाजवी भीतीचे कारण सोबत नसेल तर, या कलमात बसत नाही. कारण येथे रक्षण वस्तूचे नसून अंधारात अचानक जागे झालेल्या, समोर किती जण आहेत व त्यांच्या हातात काय आहे हे न दिसणाऱ्या माणसाचे आहे. अंगावरच हल्ला आला, किंवा बलात्काराची भीती उत्पन्न झाली, तर ३८ वे कलम स्वतंत्रपणे मदतीस येते, आणि तेथे दिवस-रात्रीचा भेद उरत नाही.

परंतु रात्रीच्या घरफोडीतही ही सनद बिनशर्त नाही. ३७ व्या कलमाने तिला दोन वेसणी घातल्या आहेत. बचावासाठी आवश्यक तेवढ्याहून अधिक इजा करता येत नाही. आणि सरकारी यंत्रणेचे साहाय्य घेण्यास अवधी होता अशा वेळी हा हक्कच उत्पन्न होत नाही. नंदुरबारच्या बाजारपेठेत राहणाऱ्या माणसाने ११२ क्रमांक फिरवला तर गाडी येण्याची अपेक्षा धरता येते. पण जेथून ठाणे गाठायचे म्हणजे एक नाला व दोन डोंगर उतरावे लागतात, आणि जेथे भ्रमणध्वनी टेकडीच्या माथ्यावर गेल्याशिवाय लागत नाही, तेथल्या पाड्यावरील रहिवाशाला ‘पोलिसांना का बोलावले नाही’ असा सवाल न्यायालयात कोणी केला, तर हे अंतरच त्याच्या बाजूची साक्ष देते.

खरी मेख हक्क सुरू कधी होतो यात नाही, तो संपतो कधी यात आहे. घरफोडीतून सुरू झालेले अतिक्रमण चालू असेपर्यंतच तो घरधन्यापाशी राहतो. चोर शेळी खांद्यावर टाकून पळाला, तर तो माल घेऊन निसटेपर्यंत पाठलाग करण्यास, झटापट करण्यास, शेळी हिसकावून घेण्यास मुभा आहे. पण ती मुभा प्राण घेण्यापर्यंत जात नाही. जय देव विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात, शेतजमिनीच्या वादातून झालेल्या हाणामारीत पळत सुटलेल्यांवर गोळ्या झाडणाऱ्यांचा स्वसंरक्षणाचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये फेटाळला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होते आपले प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. धोका टळला किंवा हल्लेखोर पांगले की हक्काचे प्रयोजनच संपते, हे त्यांनी जितक्या निःसंदिग्धपणे सांगितले, तितक्याच आस्थेने हेही बजावले की प्राणभयाने ग्रासलेल्या माणसाच्या कृतीकडे पाहताना न्यायाधीशाने आपल्या खोलीतील निवांतपणाची फूटपट्टी लावू नये. इंग्लंडातही १९९९ साली टोनी मार्टिन नावाच्या एकाकी शेतकऱ्याने रात्री घरात शिरलेल्यांवर बंदूक चालविली, तीत सोळा वर्षांचा मुलगा पाठीत गोळी लागून मेला, आणि ज्युरीने मार्टिनला खुनासाठी दोषी धरले. अपिलात ते सदोष मनुष्यवधावर आले खरे, परंतु तेही घरमालकाच्या हक्काच्या आधारे नव्हे, तर त्याच्या मानसिक स्थितीच्या कारणाने.

आमच्याकडे बंदुकीपेक्षा विजेच्या तारेचा मोह अधिक. रानडुकरांसाठी बांधाभोवती सोडलेली तार चोरांसाठी परसात आणण्यास फारसा विचार लागत नाही. बिहारमधील चेरुबिन ग्रेगरी खटल्यात शेजारीण आपल्या शौचकूपाचा वापर करते म्हणून चिडलेल्या इसमाने त्याच्या वाटेवर उघडी तांब्याची तार ताणून तीत प्रवाह सोडला. ती बाई आत जाताना वाचली, पण बाहेर येताना तिचा हात तारेला लागला आणि ती मेली. अतिक्रमण करणारा मनुष्य कायद्याच्या संरक्षणाबाहेर फेकला जात नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा कायम केली. तारेला चोर ओळखता येत नाही, आणि रात्री वाट चुकलेले शेजारचे पोरही तिला सारखेच.

ओळखण्याची ही चूक माणसांचा जमाव करतो तेव्हा अनर्थ होतो. १ जुलै १९९८ पर्यंत नंदुरबार व धुळे हा एकच जिल्हा होता. बरोबर वीस वर्षांनी, १ जुलै २०१८ च्या रविवारी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाड्याच्या आठवडे बाजारात मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळविणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत ठार मारण्यात आले. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे, चोर फिरत असल्याच्या अफवेने गस्त घालणाऱ्या जमावाने दोन साधू व त्यांचा चालक यांचा बळी घेतला. या कृत्यांना स्वसंरक्षण म्हणणे म्हणजे त्या शब्दाची विटंबना होय, कारण कोणाच्याही उंबरठ्यात कोणी शिरलेच नव्हते. संशयाचे बोट पहिल्यांदा भटक्यांकडेच वळते, यालाही इतिहास आहे: जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविणारा १८७१ चा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी त्याने गावोगावच्या मनांत पेरलेले बी अजून मेलेले नाही.

हक्काची मर्यादा कोणी सद्भावनेने, सूडबुद्धी न धरता, भयाच्या भरात ओलांडली, तर त्याचा गुन्हा खून न राहता सदोष मनुष्यवध होतो. बचाव सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असला, तरी तो निःसंशय पुराव्याचा नसून केवळ संभाव्यतेचा असतो, आणि त्याचा निर्णय पुष्कळदा पंचनाम्यातील क्षुल्लक वाटणाऱ्या नोंदींवर होतो: रक्त कुडाच्या आत सापडले की दोनशे पावलांवरच्या शेतात, घाव छातीवर की पाठीवर, एक की दहा. सकाळी घाबरून अंगण सारवून घेणारा आणि कुड पूर्ववत बांधून टाकणारा घरधनी आपल्याच हाताने आपला पुरावा पुसून टाकतो. चोर जिवंत हाती लागला असेल, तर त्याला खांबाला बांधून गावभर दाखविण्याचा अधिकार कोणास नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४० व्या कलमाप्रमाणे त्याला विनाविलंब, फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. भर पावसाळ्यात एखाद्या पाड्यावरून रात्री दोनला निघून चोरासह डोंगर उतरायचा, तर ही मुदत पुरेलच असे नाही. तेव्हा पहिला निरोप पोलीस पाटलाकडे धाडणे, आणि तो किती वाजता धाडला याची वेळ कोणाकडून तरी लिहून ठेवविणे, हे तेथल्या घरधन्याच्या हिताचे असते.