मुलगी म्हणते, आफ्रिकेत सेवेला जाते



नर्सिंग, शेती नाहीतर समाजकार्य शिकलेल्या आपल्या मुली मोबाईलवर सगळं जग बघतात. एखादी एक दिवस म्हणते, “आई, मी सहा महिने मलावीला स्वयंसेवक म्हणून जाते.” आईच्या पोटात गोळा येतो. मलावी कुठं आलं, पोरगी खाईल काय, राहील कुणाकडं, आणि सेवाच करायची तर हे पैसे कशाचे मागतात? हे सगळे प्रश्न रास्त आहेत. आज त्यांच्याबद्दलच बोलू या.

सेवा म्हणजे काय, हे नातेपुत्याच्या बायकांना वेगळं सांगायला नको. माउलींची पालखी आपल्याकडं मुक्कामाला येते, तेव्हा बाहेरगावचे डॉक्टर आणि कॉलेजची पोरंही मदतीला येतात. त्यांतला उपयोगाचा कोण? ज्याच्या हातात कसब आहे आणि जो आल्याबरोबर “काय कमी पडतंय?” असं इथल्या माणसाला विचारतो, तो. नुसता फोटो काढायला आलेला पंगतीत एक पान वाढवून जातो. परदेशातली सेवाही याच मापानं मोजायची.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, जन्म १९१० चा. चीनवर जपाननं हल्ला केला, तेव्हा चीनकडून डॉक्टरांची मागणी आली. १९३८ मध्ये काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि २७ वर्षांचे कोटणीसही होते. बाकीचे एकेक करून परतले, कोटणीस मात्र थांबले. ते चिनी भाषा शिकले, त्या भाषेत बोलू-लिहू लागले, एका रुग्णालयाचे प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिथंच त्यांचा अंत झाला. चीनमध्ये आजही त्यांचं नाव आदरानं घेतात. त्यांच्याकडून तीन गोष्टी घ्याव्यात: मागणी होती म्हणून ते गेले, हातात विद्या घेऊन गेले आणि तिथली भाषा शिकले.

आता आफ्रिकेकडं वळू. आफ्रिका हा एक देश नाही, तो खंड आहे. त्याच्या दक्षिण भागात दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे, झांबिया, मलावी, बोट्सवाना, मोझांबिक असे देश आहेत. प्रत्येकाचं सरकार वेगळं, भाषा वेगळ्या, चलन वेगळं. आपली माणसं तिकडं नवी नाहीत. १८६० पासून भारतीय मजूर जहाजानं डर्बनला उतरू लागले. रत्नागिरीकडची कोकणी मुसलमान कुटुंबं केपटाउनला जाऊन राहिली. त्यामुळं डर्बनमध्ये डाळ आणि मसाला सहज मिळतो. खेडेगावात मात्र रोजचं जेवण म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड. झिंबाब्वेत तिला साद्झा म्हणतात, मलावीत न्सिमा. ती हातानं, पालेभाजीबरोबर किंवा शेंगदाण्यांच्या कालवणाबरोबर खातात. ऋतू आपल्या उलटे असतात. आपला मे महिना तापतो तेव्हा तिकडं थंडी सुरू होते, आणि बऱ्याच भागात पाऊस नोव्हेंबर ते मार्च या काळात पडतो.

तिथल्या बायका हातावर हात धरून बसलेल्या आहेत, असं समजू नका. मलावीत बायकांचे बचत गट आहेत. त्यांना ‘बांकी म्खोंडे’ म्हणतात, म्हणजे ओसरीवरची बँक. बैठक, हप्ता, अंतर्गत कर्ज, वर्षअखेरीला वाटप, सगळं आपल्या ओळखीचं. झिंबाब्वेत मनाच्या आजाराचे डॉक्टर फारच थोडे. म्हणून २००६ मध्ये डॉ. डिक्सन चिबांडा यांनी हरारे शहराच्या एका वस्तीत १४ आज्यांना शिकवून तयार केलं. दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर आजी बसते आणि दुःखी माणसाचं ऐकून घेते. हे काम आज खूप पसरलं आहे. तिथली भाषा न येणारी परदेशी पोरगी महिनाभरात हे काम करू शकेल का? नाही. पण नर्स असेल तर तिथल्या नर्सच्या हाताखाली राबू शकेल, हिशेब येत असेल तर गटाच्या वह्या लिहायला मदत करू शकेल, आणि चार गोष्टी शिकून येईल.

एका कामापासून मात्र मुलीला लांब ठेवा. परदेशी तरुणांकडून पैसे घेऊन त्यांना दोन-तीन आठवडे अनाथाश्रमातल्या लेकरांशी खेळायला पाठवणाऱ्या संस्था असतात. लेकरू जीव लावतं आणि पाहुणा निघून जातो. पुन्हा नवा पाहुणा, पुन्हा तेच. काही ठिकाणी तर आईबाप जिवंत असलेली मुलंसुद्धा देणग्यांसाठी आश्रमात ठेवलेली आढळली आहेत.

आता पैशाचं बोलू. स्वयंसेवा ही नोकरी नव्हे. त्यात फार तर राहण्या-खाण्यापुरता भत्ता मिळतो. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम असा भत्ता देतो आणि अर्जासाठी एक रुपयाही घेत नाही. काही खासगी संस्था राहण्याचा खर्च घेतात. तो कशाचा, याचा हिशेब लेखी मागा. “स्वयंसेवक म्हणून जा, महिन्याला लाख रुपये मिळतील,” असं कुणी म्हटलं तर सावध व्हा. परदेशात नोकरी लावणाऱ्या एजंटाला १९८३ च्या कायद्याप्रमाणं केंद्र सरकारची नोंदणी लागते. ती बघितल्याशिवाय गंठण मोडू नका आणि गटाचं कर्जही उचलू नका.

कागदपत्रांचं असं आहे. प्रौढ व्यक्तीचा पासपोर्ट १० वर्षं चालतो. व्हिसा त्या देशाचं सरकारच देतं, एजंट नव्हे. फिरायला जाण्याच्या व्हिसावर काम करू नये, सेवेला कोणती परवानगी लागते ते त्या देशाच्या वकिलातीकडून विचारून घ्यावं. पासपोर्ट मुलीच्याच ताब्यात राहायला हवा, “आमच्याकडं जपून ठेवतो” म्हणणाऱ्याला देऊ नये. त्याची एक झेरॉक्स घरी ठेवा. भारतीय वकिलातीचा पत्ता आणि फोन वहीत लिहून ठेवा.

तब्येतीचं सांगायचं तर मलावी, झांबिया, मोझांबिक इथं हिवताप मोठा आहे. निघण्याआधी डॉक्टरांकडून प्रतिबंधक गोळ्या लिहून घ्या, मच्छरदाणी बरोबर द्या. जाता-येता पीतज्वराच्या देशातून प्रवास असेल तर त्याची लस किमान १० दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. आरोग्य विमा काढल्याशिवाय निघू नये.

पुढच्या बैठकीत एखादीनं असा विषय काढला, तर तिला लगेच ‘नको’ म्हणू नका आणि लगेच ‘जा’ही म्हणू नका. सगळ्या जणी मिळून विचारा: तिथल्या कुणी बोलावलंय? काम काय, किती दिवसांचं? तिथल्या कोणत्या बाईच्या देखरेखीखाली? राहायचं कुठं? मध्येच परत यावंसं वाटलं तर तिकिटाचे पैसे कोण देणार? या प्रश्नांची लेखी उत्तरं आली, तर मुलीचा हात धरून थांबवू नका. आली नाहीत तर नुसता मुहूर्त पुढं ढकला. दरम्यान तिनं आपल्याच गावात वर्षभर सेवा करावी. इथं कामाला लागलेला हात तिकडंही कामाला येतो.