साहेब बदलले, भीती तीच!

साहेबांनी केबिनमध्ये बोलावले की छातीत धडधड. वाशीतली नोकरी सोडून बेलापूरची धरली, तरी तेच. अशा वेळी आधी शारीरिक तपासणी करावी. ती ठीक असेल, तर मूळ मनात शोधावे लागते. मनोविश्लेषण सांगते, लहानपणी वडिलांची बसलेली धास्ती पुढे प्रत्येक वरिष्ठाला चिकटते. उपचारात ती थेरपिस्टवरही उतरते. हे वेळीच न ओळखल्याने 'डोरा' ही रुग्ण उपचार सोडून गेली, अशी कबुली फ्रॉइड यांनी १९०५ मध्ये दिली. थेरपिस्ट रागावत नाही, भीतीबद्दल बोलू देतो. हा नवा अनुभव पुन्हा पुन्हा आला, की जुनी सवय सैल होते. त्याला महिने, कधी वर्षेही लागतात. पहिले पाऊल म्हणून 'टेलि-मानस'च्या १४४१६ क्रमांकावर मोफत बोलता येते.