चार रेपो, एक प्रबंध: संशोधनाचा कोड एका जागी का आणि कसा आणावा

दिवाळीत ईटला घरी आले तेव्हा लॅपटॉप बरोबर होताच. (पीएचडीवाल्यांची सुट्टी कशी असते ते तुम्हालाही लवकरच कळेल.) प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणातली एक आकृती पुन्हा काढायची होती. तासाभराचं काम. पण आकृती काही केल्या तशी येईना. डेटा तोच, कोडही माझाच, आणि आलेख मात्र वेगळा.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी स्पंदन करणाऱ्या श्वेतबटू ताऱ्यांवर काम करते. त्यांचा प्रकाश काही मिनिटांच्या अंतराने कमीजास्त होतो. माझ्याकडे दोन दुर्बिणींचा डेटा आहे आणि कोड होता चार वेगळ्या रेपोंमध्ये: वेळेच्या दुरुस्त्या करणारी एक सामाईक लायब्ररी, दोन दुर्बिणींसाठी दोन, आणि आकृत्या काढायला चौथा. चारच का? काही कारण नाही. जसजशी गरज पडली तसतसा नवा रेपो काढत गेले. तुमच्यापैकी बहुतेकांचं असंच होणार आहे, म्हणून हे लिहितेय.

झालं होतं असं. लायब्ररी आधी वेळ यूटीसीमध्ये द्यायची. मध्यंतरी मी ती टीडीबीमध्ये द्यायला लावली. टीडीबी म्हणजे खगोलशास्त्रात वापरला जाणारा एकसारखा चालणारा काळ, त्यात लीप सेकंदांच्या उड्या नाहीत. २०१७ पासूनच्या नोंदींसाठी दोन्हींत सुमारे ६९ सेकंदांचा फरक पडतो. एका दुर्बिणीच्या रेपोत नवी लायब्ररी होती, दुसऱ्यात जुनीच बसलेली. ताऱ्याचा आवर्तनकाल दहा मिनिटांचा असेल तर ६९ सेकंद म्हणजे साडेअकरा टक्के कला सरकते! ही सरक खरी समजून मी तिच्यावर दोन परिच्छेदही लिहून ठेवले होते. गाइड सरांना फोन केला तर त्यांचा पहिलाच प्रश्न: "दोन्हीकडे लायब्ररी एकच आहे ना गं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एका रेपोचा खरा फायदा इथे आहे. फोल्डर नीटनेटके दिसतात हा भाग दुय्यम. गिटमधला प्रत्येक कमिट म्हणजे त्या क्षणी अख्खा रेपो कसा होता त्याची नोंद. चार रेपो असले तर "ही आकृती कुठल्या कोडने काढली?" या प्रश्नाचं उत्तर चार क्रमांकांचं असतं, आणि ते चार एकत्र कधी वापरले हे कुठेच लिहिलेलं नसतं. एक रेपो असला की उत्तर एका क्रमांकाचं. शिवाय लायब्ररीतलं फंक्शन बदललं की ते वापरणाऱ्या सगळ्या जागा त्याच कमिटमध्ये दुरुस्त करता येतात. अर्धं नवं, अर्धं जुनं अशी अवस्था रेपोत राहत नाही.

मोठ्या प्रमाणावर हे कसं चालतं ते बघायचं तर आपल्या मराठवाड्याशी नातं असलेलं उदाहरण आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ एप्रिल २०२३ रोजी तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. पुण्याची आयुका या प्रकल्पात आहे. लायगोच्या विश्लेषणातला एक मोठा कोडसंच म्हणजे लालसूट. 'लाल' म्हणजे लायगो अल्गोरिदम लायब्ररी, रंगाशी संबंध नाही. लाल, लालफ्रेम, लालसिम्युलेशन, लालइन्स्पायरल, लालपल्सार, लालइन्फरन्स अशा कितीतरी लायब्रऱ्या एकाच गिट रेपोत शेजारी शेजारी फोल्डरांत आहेत. तरंगांची रूपं तयार करणारा कोड लालसिम्युलेशनमध्ये, आणि त्यांच्या आधारे कृष्णविवरांची वस्तुमानं वगैरे काढणारा लालइन्फरन्समध्ये. पहिल्यात बदल केला तर दुसऱ्यातली दुरुस्ती त्याच कमिटमध्ये जाऊ शकते.

यातल्या दोन गोष्टी मी सरळ उचलल्या. पहिली, रेपो एक म्हणून पॅकेज एक असं नाही. तिथे प्रत्येक लायब्ररीला स्वतःचा आवृत्ती क्रमांक आहे. दुसरी मला फारच आवडली. बिल्ड करतानाच कमिटचा क्रमांक, तारीख, ब्रँच आणि रेपोची स्थिती लायब्ररीत कोरली जाते. स्थिती म्हणजे "क्लीन" की "अनक्लीन", म्हणजेच कमिट न केलेले बदल पडून होते का. माझ्या प्रत्येक आकृतीच्या फाइलमध्ये आता क्रमांक आणि ही स्थिती लिहिली जाते. अनक्लीन असेल तर आकृती प्रबंधात जात नाही.

आता एकत्र कसं करायचं, आणि इथेच मोठी मेख आहे. सगळं कॉपी करून नव्या रेपोत टाकू नका, इतिहास जातो. दोन रस्ते आहेत. एक, 'गिट फिल्टर-रेपो' हे साधन जुन्या रेपोचा सगळा इतिहास जणू तो पहिल्यापासून उपफोल्डरमध्येच होता असा पुन्हा लिहितं. मग तो नव्या रेपोत मर्ज करायचा, 'असंबंधित इतिहास चालतील' असा पर्याय देऊन. फाइलींचा इतिहास छान दिसतो, पण प्रत्येक कमिटचा क्रमांक बदलतो. तुमच्या छापून आलेल्या पेपरमध्ये जुना क्रमांक दिला असेल तर नव्या रेपोत तो शोधून कुणालाच काही सापडणार नाही! हे साधन जुन्या-नव्या क्रमांकांची यादी गिटच्या आतल्या फोल्डरमध्ये ठेवतं. ती काढून रेपोतच कमिट करा. दुसरा रस्ता 'गिट सबट्री ॲड', स्क्वॉश न लावता. यात जुने कमिट जसेच्या तसे येतात, क्रमांक टिकतात, पण एखाद्या फाइलचा मागचा इतिहास बघताना अडखळायला होतं. माझा एक पेपर आधीच छापून आला होता, म्हणून मी दुसरा घेतला.

एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पाने २०१९ मध्ये आपले वेगवेगळे भाग सबव्हर्जनमधून एका गिट रेपोत आणले. तेव्हा जुन्या बदलांच्या संदेशांत त्यांचा सबव्हर्जन क्रमांक लिहून ठेवला. साधी युक्ती, पण वर्षानुवर्षांचे बग रिपोर्ट त्यामुळे वाचता येतात.

तोटेही आहेत. गिटमध्ये वाचायची परवानगी अख्ख्या रेपोची असते, एका फोल्डरची नाही. लायब्ररी जगाला द्यायची आणि सहकाऱ्यांचा अप्रकाशित कोड झाकून ठेवायचा असेल तर दोन रेपो लागणारच, तिथे हट्ट करू नका. दुसरं म्हणजे आकार. डेटाच्या जाड फाइली इतिहासात एकदा गेल्या की नंतर डिलीट करूनही मागे राहतात. लालसूट मोठ्या फाइलींसाठी गिट एलएफएस वापरतं. मी तर डेटा रेपोत ठेवतच नाही, फक्त त्याचे चेकसम ठेवते. हे शहाणपण घरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रेपो क्लोन करताना आलं. रेंज गच्चीवर, चार्जर खाली. अशा वेळी 'पार्शल क्लोन' वापरा, त्यात जुन्या फाइलींचा मजकूर लागेल तेव्हाच उतरतो.

गुगलचं उदाहरण देऊन कुणी तुम्हाला घाबरवेल. त्यांच्या एका रेपोत जानेवारी २०१५ मध्ये ८६ टेराबाइट मजकूर होता आणि त्यासाठी त्यांनी पायपर नावाची स्वतःची यंत्रणा बांधली. तुमचा प्रबंध तेवढा होणार नाही, साधं गिट पुरतं.

माझं एकत्रीकरण दीड दिवसात झालं. जुने चारही रेपो मी पुसले नाहीत, 'फक्त वाचण्यासाठी' करून ठेवले आणि प्रत्येकाच्या रीडमीत नव्या जागेचा पत्ता दिला. मग दोन्ही दुर्बिणींचा डेटा एकाच कमिटवर पुन्हा चालवला. कलेतली सरक गेली. ते दोन परिच्छेदही गेले, आणि सरांना तसं कळवलं.