परदेशी भाषा : आधी रान पाहा, मग बेणे आणा



ऊस विकास विभागाच्या या पानावर दर वेळी लागण, बेणे, खत आणि खोडवा यांचीच चर्चा असते. या वेळचा विषय जरा निराळा आहे. परंतु गट कार्यालयात अलीकडे हा प्रश्न वारंवार येतो आणि त्यात सभासदांच्या कष्टाचा पैसा गुंतलेला असतो, म्हणून चार शब्द लिहीत आहे.

परवा मानवत भागातील एक सभासद लागणीची नोंद द्यायला आले. नोंद झाली तरी उठेनात. मग म्हणाले, "साहेब, पोरीचं नर्सिंग संपत आलंय. ती जर्मन शिकायचं म्हणायली. धाकटा जपानी म्हणायलाय. आन् मेव्हणे म्हणतेत, फ्रेंच लई गोड भाषा. उसाचं बिल आलं की फी भरायची. तुम्हीच सांगा, कोणती भाषा चांगली?"

मी उलट विचारले, "शहाऐंशी-शून्य-बत्तीस चांगला की दोनशे पासष्ट?"

ते लगेच म्हणाले, "ते रानावर हाय साहेब. चोपण रान असलं तर दोनशे पासष्ट तग धरतो."

म्हटले, "मग भाषेचंही तसंच आहे. चांगली-वाईट भाषा नसते. कुणाला, कशासाठी, हे आधी पाहावं लागतं."

आपल्या भागाला शाळेत निराळी भाषा शिकण्याची सवय नवी नाही. १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होती. कचेरीचा कारभार उर्दूत, वरचे शिक्षणही उर्दूत. घरी मराठी बोलणारी आपली वडीलधारी मंडळी शाळेत उर्दू गिरवीत होती. त्यांना कुणी "कोणती भाषा घेता?" असे विचारले नव्हते. आज आपल्या मुलांना निवड करता येते. ती डोळसपणे करावी, एवढेच सांगणे आहे. त्यासाठी पाच गोष्टी पाहाव्यात.

१) काम काय आहे?

जुन्या बागायतदारांना पी.ओ.जे. २८७८ हा ऊस आठवत असेल किंवा ऐकून माहीत असेल. ही तीन अक्षरे डच भाषेतील असून त्यांचा अर्थ 'पूर्व जावा प्रयोग केंद्र' असा आहे. याच उसापासून कोइमतूरला को ४१९ तयार झाला आणि त्याने महाराष्ट्रात साखर कारखानदारी उभी केली. पण तो लावण्यासाठी आपल्यापैकी कुणाला डच शिकावी लागली नाही. आज ब्राझील जगात सर्वांत जास्त साखर करतो व तेथे पोर्तुगीज चालते. म्हणून उद्या सर्वांनी पोर्तुगीज शिकावे असेही नाही. जेथे भाषेवाचून काम अडते, तेथेच ती भाषा घ्यावी.

परिचारिकेचे जर्मनीत अडते. तेथे रुग्णालयात पूर्ण परिचारिका म्हणून मान्यता मिळण्यास सर्वसाधारणपणे बी-२ ही पायरी लागते. महाराष्ट्र शासनाने २०२४ च्या फेब्रुवारीत जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला. तेव्हापासून जर्मनचे नाव खेडोपाडी पोचले. मात्र करार झाला म्हणजे नेमणूक झाली, असे कुणी समजू नये.

शेतीचे शिक्षण झालेल्या मुलाला जपानचा विचार करता येतो. जपानने २०१९ पासून परदेशी कुशल कामगारांसाठी खास परवाना सुरू केला. त्यात शेती हेही एक क्षेत्र आहे. त्यासाठी जपानीची एन-४ पायरी किंवा तिच्या तोडीची परीक्षा आणि शिवाय कामाची परीक्षा द्यावी लागते.

२) पीक किती मुदतीचे?

कोणतीही भाषा सुरू हंगामाचे पीक नव्हे, ती आडसालीच. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या भाषाशाळेचा ठोकताळा असा, की इंग्रजी बोलणाऱ्याला पूर्णवेळ शिकून फ्रेंचला सुमारे ३० आठवडे, जर्मनला ३६ आणि जपानीला ८८ आठवडे लागतात. घरकाम किंवा नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागणार. "तीन महिन्यांत जर्मन" असा फलक दिसला तर ती पहिली पायरी समजावी. ए-१ आणि बी-२ यांत ए-२ व बी-१ या आणखी दोन पायऱ्या आहेत.

३) मराठीचा फायदा कोठे होतो?

हा मुद्दा फारसा कुणी सांगत नाही. जपानी वाक्यात क्रियापद मराठीप्रमाणे शेवटी येते. 'वाताशी वा गोहान ओ ताबेमासु' म्हणजे 'मी भात खातो'. शब्दांचा क्रम अगदी आपलाच. आपला 'चा-ची-चे' तसा त्यांचा 'नो', तोही नामाच्या मागूनच लागतो. अक्षरांचा क्रमही आ, ई, ऊ, ए, ओ, मग का, की, कू असा, कारण तो मूळ संस्कृत वर्णमालेवरून बसवलेला आहे. कठीण आहे ती चित्रलिपी. तिची नेहमीच्या वापरातली चिन्हेच २,१३६ आहेत.

जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत. इंग्रजीवाला तेथे गडबडतो. आपल्याला 'तो-ती-ते'ची सवय आहे. मात्र त्यांचा सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी आणि 'मुलगी' हा शब्द नपुंसकलिंगी! तेवढे पाठच करावे लागते.

४) शिकवणारा कोण?

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद जिल्ह्यात गाडीवाट नावाचे गाव आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेने २०१९ साली चौथी ते आठवीच्या मुलांनाच विचारले, कोणती भाषा शिकता? मुलांना यंत्रमानवाचे वेड, म्हणून बहुतेकांनी जपानी निवडली. सुरुवातीला पुस्तक नाही, शिक्षक नाही, मोबाइलवरून काम चालले. पुढे एक जाणकार गृहस्थ पुढे आले आणि त्यांनी विनामूल्य शिकवले. मुलांची गोडी आणि शिकवणारा माणूस, दोन्ही जुळले म्हणून ते पीक उगवले.

परीक्षा मात्र अधिकृतच द्यावी. जर्मनसाठी पुण्याचे मॅक्सम्युलर भवन आहे. जपानीची परीक्षा वर्षातून दोनदा, जुलै व डिसेंबरात होते. तिचे केंद्रही पुण्यात आहे.

५) पैसा कसा घालावा?

येथे मी स्वतः चुकलो आहे, ते सांगतो. शेजारच्या मुलाने जर्मन घेतले म्हणून आमच्या पुतण्यानेही घेतले. शहरातील एका क्लासने सगळ्या पायऱ्यांची फी एकदम मागितली. "भरून टाक" असे मीच सांगितले. चार महिन्यांत क्लासला कुलूप लागले आणि पैसे बुडाले. बेणे न पाहता लागण करू नका असे गावोगाव सांगत फिरणारा मी, घरातच ते विसरलो.

सबब, एका वेळी एकाच पायरीची फी भरावी. परीक्षा पास झाली की पुढची. "परीक्षेशिवाय प्रमाणपत्र देतो" म्हणणाऱ्याच्या दारात उभे राहू नये. नोकरी लावतो म्हणणारा एजंट केंद्र शासनाकडे नोंदलेला आहे किंवा कसे, हे ई-मायग्रेट या शासकीय संकेतस्थळावर पाहता येते. जमीन गहाण टाकून तर कोणतीही भाषा शिकू नये.

मानवतच्या त्या सभासदांनी मुलीच्या ए-१ पुरतीच फी भरली. धाकट्याचा कृषी पदविकेचा अभ्यास चालू आहे. तो जपानी अक्षरे घरीच गिरवतो आहे. सहा महिने गोडी टिकली तर क्लास, असे ठरले. मेव्हण्यांची फ्रेंच तूर्त राहिली. निव्वळ हौसेने शिकणे वाईट नाही, पण हौसेचा खर्च उसाच्या बिलावर टाकू नये.

परवा ते पुन्हा भेटले. म्हणाले, "साहेब, पोरगी पहाटं उठून जर्मन घोकायली. आम्हाला काही कळत नाही, पण ऐकायला बरं वाटतंय."

उगवण चांगली दिसते. पण आडसाली आहे, दीड वर्ष पाणी द्यावे लागेल.

— ऊस विकास अधिकारी