घरातच राहिलेले गहाण

दागिना गहाण ठेवावयाचा म्हणजे तो सावकाराच्या तिजोरीत जावयाचा, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. आपल्या १८७२ च्या करार कायद्यातही वस्तू हवाली केल्यावाचून असे गहाण पुरे होत नाही. पण जिच्यावर पोट चालते ती वस्तू हवाली कशी करावी? शिंप्याने शिवणयंत्र देऊन टाकले, तर कर्ज फेडावे कशाने?

इंग्लंडात यावर तोड निघाली ती 'बिल ऑफ सेल' या दस्ताची. कागदोपत्री मालकी धनकोची, वस्तू मात्र ऋणकोच्याच घरी. या व्यवहारावर तेथे १८७८ आणि १८८२ असे दोन कायदे आहेत. पहिल्याचा रोख, घरातले सामान पाहून उधार देणारे इतर लोक फसू नयेत, यावर. दुसऱ्याने ऋणकोचा विचार केला. दस्त ठरावीक नमुन्यातच हवा. तीस पौंडांखालील रकमेचा दस्त रद्द. ताब्यात घेतलेली वस्तू पाच दिवस विकावयाची नाही.

हे कायदे अजून चालू आहेत. फक्त खुर्च्याटेबलांची जागा मोटारीने घेतली. नोंदणीपुस्तक धनकोकडे ठेवून गाडी आपण चालवीत राहावयाची, हे 'लॉगबुक लोन'. २००१ साली असे दस्त तीन हजारांहून कमी होते. २०१४ साली ते बावन्न हजारांवर गेले.

आता यातील मेख पाहा. भाडेखरेदीच्या गाडीचे एकतृतीयांश पैसे भरले की, कोर्टाच्या हुकुमावाचून ती नेता येत नाही. लॉगबुक कर्जात जवळजवळ सारे पैसे फिटले, तरी हे संरक्षण नाही. त्याहून विलक्षण म्हणजे, अशी गाडी प्रामाणिकपणे विकत घेणाऱ्याचीही गाडी जाऊ शकते! दस्ताची नोंद लंडनच्या हायकोर्टात असते खरी, पण ती ऋणकोच्या नावाने; गाडीच्या क्रमांकावरून सापडत नाही.

तेथील विधी आयोगाने २०१६ साली हे कायदे रद्द करून नवा करण्याची शिफारस केली: एकतृतीयांश फेडीनंतर कोर्टाचा हुकूम, निर्दोष खरेदीदाराला संरक्षण, आणि गाडी परत देऊन कर्जातून सुटण्याची मुभा. मसुदाही तयार झाला. २०१८ साली सरकारने तो बाजूस ठेवला. हा धंदा लहान असून आणखी घटत आहे, हे एक कारण. मला हे पटत नाही. जे थोडे उरले, त्यांनाच बँक दारात उभे करीत नाही.

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे धनकोचे नाव नोंदणीपुस्तकातच चढते. जुनी गाडी घेणारा ते उघडून पाहू शकतो. इंग्लंडातील पुस्तकात ती ओळ नसते.